एकतिसाव्या पानावरची पट्टी

सोपान,

तुझ्या दहाव्याला मी नदीवर आलो होतो. सगळ्यात मागे, बाभळीखाली उभा होतो. पिंड मांडला, माणसं मागे सरली, आणि मी मनातल्या मनात वाक्य जुळवू लागलो. कावळा लवकर यायचा नाही, असा माझा हिशेब होता. तुझे भाऊबंद पुढे होऊन मुलीच्या लग्नाचं बोलतील, वहिनींना अंतर देणार नाही म्हणतील, तरी कावळा फांदीवरून हलणार नाही. मग कुणीतरी मागे वळून विचारील, "आजून कुणाचं काय ऱ्हायलंय का?" तेव्हा मी पुढे होईन आणि बारा वर्षं घशात अडलेलं चारचौघांसमोर बोलून टाकीन. मंचरहून येताना एसटीत मी हे सगळं ठरवून ठेवलं होतं.

कावळा दोन मिनिटांत आला. भाताला चोच लावली, आणखी एक आला, "शिवला, शिवला" म्हणत माणसं आंघोळीला पांगली. बोलायची पाळीच माझ्यावर आली नाही. माझ्याबद्दल तुझ्या मनात काही राहिलंय, या समजावर मी इतकी वर्षं काढली होती, आणि तू तर सरळ निघून गेलास. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. खरं सांगतो, मला अपमान झाल्यासारखं वाटलं. मग त्याची लाज वाटली, आणि पायात चपला घालून मी तुझ्या घराकडे चालू लागलो. जे नदीवर बोलायचं होतं ते आता लिहितोय. मास्तरला दुसरं काय येतं?

त्र्याण्णव साल असावं. डिंगोऱ्याच्या आमच्या शाळेत तू भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा काढायला आला होतास. आठवीचा गणिताचा तास रिकामा होता म्हणून मी वर्गावर गेलो आणि ट्रॉयच्या वेढ्याची गोष्ट सुरू केली. अभ्यासक्रमातली गोष्ट सांगताना मी जांभया द्यायचो आणि बाहेरची सांगताना खुलायचो, हे पोरांनी केव्हाच ओळखलं होतं. एक राणी पळवून नेली, तिच्यासाठी ग्रीकांची हजार गलबतं समुद्रापार गेली, ट्रॉय शहराला दहा वर्षं वेढा पडला, आणि शेवटी लाकडी घोड्याच्या पोटात बसून माणसं आत शिरली. खिडकीबाहेर परांचीवर बसून तू कोकणचा किनारा निळा करत होतास. तुझा ब्रश रत्नागिरीपाशी थांबला तो थांबलाच. तास संपल्यावर तू खिडकीतून डोकं आत घातलंस.

"सर, त्या घोड्याच्या पोटात माणसं किती व्हती?"

"वीस-तीस असतील."

"मंग एकाला तरी शिंक आली आसंल की. ताज्या लाकडाचा भुसा लई बेकार."

कॉलेजात असल्यापासून मी त्या गोष्टीच्या प्रेमात होतो. शिंकेचा विचार मला एकदाही सुचला नव्हता. संध्याकाळी तू सिमेंटच्या पिशवीचा कागद माझ्यापुढे धरलास. घोड्याचं पोट उभं चिरून दाखवलेलं, आत माणसं पोत्यांसारखी कोंबलेली, आणि मधल्या एकाने शेजाऱ्याचं नाक दोन बोटांत गच्च दाबून धरलेलं. मी शिपायाला बोलावून दाखवलं, हेडमास्तरांना दाखवलं. मग म्हटलं, "सोपान, आपण याचं पुस्तक करू. सबंध युद्ध चित्रांतून. गोष्ट मी लिहितो." तू म्हणालास, "करू की. पावसाळ्यात मला तसंबी काम नसतं."

मी तुला पहिल्या दिवसापासून अरे-तुरे केलं. वयाने तू माझ्याहून दोन वर्षांनीच लहान, पण तू शेवटपर्यंत "सर, तुमी" म्हणत राहिलास. तेव्हा त्यात मला काही वावगं दिसलं नाही.

दोन पावसाळे आपण ते काम केलं. पिंपरी पेंढारला रस्त्याकडेला तुझी पत्र्याची शेड होती. बाहेर टेम्पो उभे, त्यांच्या मागे तुझी गुलाबाची फुलं आणि "बघतोस काय, मुजरा कर". आत एका पत्र्याच्या ट्रंकेवर फळी टाकून तू बसायचास. मी रविवारी लूनावर यायचो, वहिनी चहा द्यायच्या, आणि पत्र्यावर पाऊस इतका वाजायचा की आपण भांडायचो तेही ओरडून. ग्रीकांची नावं तुझ्या तोंडात कधी बसली नाहीत. म्हणून तू आपली नावं पाडलीस. ज्याचा जीव टाचेत होता तो महावीर म्हणजे टाचवाला. घोड्याची युक्ती काढणारा तो कपट्या. ट्रॉयचा राजा नुसता म्हातारा. पुस्तकात खरी नावं छापली, माझ्या हट्टामुळे. पण मीही घरी बोलताना "आज टाचवाल्याचं पान झालं" असंच म्हणायचो. आज इथेही तीच नावं वापरतोय.

तू शिकलास सातवीपर्यंत, पण वेढा म्हणजे काय हे तुला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. तुझ्या घरची माणसं पिढ्यान् पिढ्या मेंढरं घेऊन आठ महिने बाहेर राहिलेली. "धा वर्सं रानात तळ टाकून बसले म्हणा की," तू म्हणालास. "मंग पाणी कुठंय ह्यांचं? आमचा तळ पडला की पैल्यांदा पाणी बघत्यात, मंग सरपान." मी माझ्याकडची पुस्तकं चाळली. कोण कुणाला कसं मारतो याची पानंच्या पानं होती, पाणी कुठून आणलं ते मला सापडेना. तू तुझ्या मनाने ओढा काढलास. दोन तंबूंच्या मध्ये दोरी बांधून तिच्यावर ओले कपडे वाळत घातलेस. मी चिडलो. महायुद्धाच्या गोष्टीत धुणं? तू शांतपणे म्हणालास, "धा वर्सं एकाच कापडावर लढले का, सर?" मी तेवढं मात्र ऐकलं. पुढे पोरं पुस्तक हातात घेतलं की आधी ते धुण्याचं पान काढून एकमेकांना दाखवायची. ट्रॉयचा तट तू चावंड किल्ल्याच्या कड्यासारखा काढलास आणि समुद्र उन्हाळ्यातल्या माळासारखा, कारण तू समुद्र पाहिलेला नव्हतास. मला आजही ट्रॉय म्हटलं की चावंडच डोळ्यासमोर येतो. हे तुझं देणं आहे आणि ते मी तुला कधी बोलून दाखवलं नाही.

गोष्ट मी लिहायचो आणि चौकटीत अक्षरं तूच काढायचास. माझी वाक्यं लांब. पल्लेदार, असं मला वाटायचं. तू ब्रश हातात धरून कागदाकडे बघत राहायचास आणि हळूच म्हणायचास, "सर, ह्यातलं निम्मं चित्रात आलंय." मी म्हणायचो, "असू दे. पोरांच्या कानावर चांगली भाषा पडते." मग तू अक्षर बारीक करून सगळं बसवायचास. प्रत्येक पानावर माझ्यासाठी चौकट आखून ठेवायचास, एकही पान त्याला चुकलं नाही, एक सोडून.

त्याच्या आधी बेल्ह्याचं सांगतो. लाकडी घोडा मोठा काढायचा तर जनावराचे पाय खालून कसे दिसतात ते बघायला हवं, असं म्हणून तू मला बैलबाजाराच्या दिवशी बेल्ह्याला नेलंस. मी जुन्नर पेठेत वाढलेला, आमच्या घरात शेळीसुद्धा नव्हती. शेण चुकवत, शिंगं चुकवत मी तुझ्या मागे फिरत होतो आणि तू बैलांच्या पोटाखाली वाकून वहीत रेघा मारत होतास. एक म्हातारा बैलाचा जबडा उघडून दात बघत होता. तू मला कोपरानं ढोसलंस. "आपल्यात म्हणत्यात, धरमाच्या गाईचं दात मोजू नये. ट्रॉयवाल्यांनी मोजायला पायजे व्हतं." तेही तू पुस्तकात घेतलंस. ट्रॉयची शहाणी माणसं घोड्याभोवती फिरतायत, एक वाकून पोटाखाली बघतोय, एक खूर ठोकून बघतोय, आणि तरी घोडा आत घेतायत. त्या पानावर मी खो खो हसलो होतो.

त्याच बाजारात मी पहिल्यांदा ते बघितलं. घेणारा आणि विकणारा समोरासमोर उभे, हातात हात, वरून उपरणं टाकलेलं. तोंडाने दोघं पावसापाण्याचं बोलतायत. खरं बोलणं उपरण्याखाली. कुठलं बोट धरलं, किती दाबलं, त्यावर सगळं ठरतं आणि भोवतीच्या कोंडाळ्याला काही कळत नाही. मी विचारलं, असं का? तू म्हणालास, "तोंडानं नाय म्हणलं की ते गावादेखत नाय व्हतं. हितं नाय म्हणलं तरी कुणाचा मान जात नाय." मी मान हलवली आणि उसाचा रस कुठे मिळतो ते बघू लागलो.

एकतिसावं पान तू मला एका रविवारी दाखवलंस. टाचवाल्याने म्हाताऱ्याच्या थोरल्या पोराला मारलंय, प्रेत आपल्या तळावर आणून ठेवलंय, अग्नी देऊ देत नाही. म्हातारा राजा एकटा शत्रूच्या तळावर जातो आणि ज्याने मारलं त्याच्याकडे पोराचं प्रेत मागतो. सगळ्या युद्धात मला सगळ्यात मोठा वाटणारा प्रसंग हाच. त्यासाठी मी दोन पानं मजकूर लिहून ठेवला होता. तू सबंध पानभर एकच चित्र काढलं होतंस. तंबूत जमिनीवर दोघं समोरासमोर बसलेले. तोंडं दोघांचीही खाली, नीट दिसतच नाहीत. मध्ये चार मनगटं आणि त्यांच्यावर टाकलेलं उपरणं. मागे कनातीपाशी झाकलेलं पोर, नुसती पावलं बाहेर. त्या पानावर तू माझ्यासाठी चौकट ठेवली नव्हतीस.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"म्हातारा पोराला मागतोय."

"उपरण्याखाली? ग्रीक लोक काय बैलबाजाराला आले होते?"

तू हसला नाहीस. "सर, तोंडानं कसं मागंल? त्याच माणसानं पोराला मारलंय. बोलाय गेला तर एक तर रडंल, न्हाईतर शिवी दील. तुमीच म्हणला व्हता, म्हातारा त्याचं हात धरतो, हाताला तोंड लावतो. हातच हायेत की हे."

"अरे पण हा सौदा दिसतो. बापाने मुलाच्या प्रेताचा सौदा केला असं पोरांना वाटेल."

"आमचा बाप एकदा असाच…"

"बापाचं राहू दे, सोपान. ग्रीकांचं बोल."

पाण्याच्या डब्यात ब्रश खळखळून धुतलास, फडक्याला पुसलास, आणि वहिनींना चहा ठेवायला सांगितलंस. मला वाटलं, वाद मी जिंकला. आणखी दोन रविवार मी तेच दळण दळलं. ग्रीकांची वस्त्रं कशी असत, त्यांच्यात उपरणं नसे, ऐतिहासिक सत्य म्हणून काही असतं. चावंडचा कडा चालला, ओढा चालला, धुणं चाललं, आणि उपरण्याला मात्र मी इतिहास आडवा घातला. तू दरवेळी एवढंच म्हणालास, "ऱ्हाऊ द्या ना, सर. बरं आलंय ते."

चैत्रात गावोगावच्या यात्रा सुरू झाल्या आणि तू कमानी आणि तमाशाच्या फडांचे बोर्ड रंगवण्यात बुडालास. पानं माझ्याकडे होती. मी ती जुन्नरच्या छापखान्यात नेली. तिथे बसून आठ ओळी लिहिल्या, त्या छपाईच्या खिळ्यांत जुळवून घेतल्या, छापलेला कागद कात्रीने कापला, आणि डिंक लावून तुझ्या चित्रावर चिकटवला. बरोबर मधोमध. वर दोन वाकलेली डोकी राहिली आणि खाली माझी पट्टी: "पुत्रवियोगाने व्याकुळ झालेला तो वृद्ध नरेश अश्रुपूर्ण नयनांनी शत्रूच्या शिबिरात आला…" पुढचं लिहायला आज हात धजत नाही. सगळ्या पुस्तकात अक्षर तुझं, आणि त्या एका ठिकाणी छापखान्याचं. आंधळ्यालाही कळलं असतं.

पंधरा ऑगस्टला शाळेत पुस्तक निघालं. झेंडावंदनानंतर सरपंचांनी पुस्तकांच्या गठ्ठ्याची सुतळी सोडली, पोरांनी टाळ्या वाजवल्या. तू इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला होतास, वहिनी होत्या, तुझी छोटी सुरेखा होती. पायरीवर बसून तुम्ही तिघं पानं उलटत होतात. सुरेखा धुण्याच्या पानावर बोट ठेवून हसली. मी भाषण करता करता तुमच्याकडे बघत होतो. एकतिसाव्या पानावर तू थांबलास. अंगठा त्या पट्टीवरून एकदा फिरवलास, जसा भिंतीवरचा रंग वाळलाय का ते बघायला फिरवायचास. मग पान उलटलंस. नंतर मला भेटायला आलास आणि म्हणालास, "छपाई चांगली झालीय, सर." मी सुटकेचा निःश्वास टाकला. किती मूर्ख होतो मी.

दुसरा भाग करायचं ठरलं होतं. कपट्या दहा वर्षं समुद्रावर भटकत घरी जातो ती गोष्ट. मी शेडवर आलो तर तू म्हणालास, "आत्ता जरा कामं हायेत." पुन्हा आलो तर टेम्पोवर गुलाब काढत होतास, मागे वळून बोललास पण ब्रश खाली ठेवला नाहीस. तिसऱ्यांदा मी आलो नाही. मला वाटलं, रुसलाय. रुसू दे. मोठा चित्रकार लागून गेला. असं मी बायकोसमोर बोललो, आणि ती म्हणाली, "जाऊन विचारा तरी." मी विचारायला गेलो नाही. पुढे माझी बदली मंचरला झाली आणि न जायला अंतराचं कारण मिळालं. आठवण झाली की मी तुझा राग मोजायचो. एवढ्याशा पट्टीवरून माणूस इतका रागावतो का, असं स्वतःला विचारायचो, आणि त्याच वेळी मनातून मला ठाऊक असायचं की त्याला रागावायचा हक्क आहे. तू रागावलेला आहेस यात मला कुठेतरी बरंही वाटत होतं. रागावलेल्या माणसाची समजूत घालता येते. आज ना उद्या जाईन, पाय धरीन, तू "काय हे सर" म्हणशील, आणि मिटेल.

मग फ्लेक्स आले. रंगाच्या डब्यांचं काम संपलं. मंचरच्या चौकातल्या भिंतीसुद्धा लोकांनी फ्लेक्सने झाकून टाकल्या. तुझ्यासारख्या पेंटर लोकांचं काय झालं असेल हा विचार मी कधीकधी करायचो, चहाच्या टपरीवर बसून करतात तसा.

गेल्या वर्षी माझा सत्कार होता. गुणवंत शिक्षक म्हणून. शाळेच्या फाटकावर माझा फ्लेक्स लावायचा होता, माझं तोंड माझ्या उंचीपेक्षा मोठं. मी सकाळीच बघायला गेलो. बांबूच्या चौकटीला तार बांधायला जो माणूस शिडी खांद्यावर घेऊन आला तो तू होतास. केस पांढरे झालेले, हातावर रंगाचा एक ठिपका नाही. तू मला आधी ओळखलंस. "सर, लई मोठं झाला," म्हणालास, फ्लेक्सकडे बघून, आणि आपण दोघंही हसलो. सुरेखाचं विचारलं, वहिनींचं विचारलं. मग तू शिडी भिंतीला टेकवलीस आणि एक हात तिच्यावर ठेवून उभा राहिलास.

"सर, लई वरसं एक इचारायचं व्हतं. राग नका मानू."

"विचार की."

"आपल्या पुस्तकात, त्या हाताच्या पानावर तुमी पट्टी लावली. चित्र कळत नव्हतं का?"

मागे शिक्षक उभे होते, कुणीतरी हारांचं विचारत होतं. मी घड्याळ बघितलं. खरंच बघितलं, सोपान. आणि म्हणालो, "तसं नाही रे. मुलांना संदर्भ कळावा म्हणून."

"आसंल," तू म्हणालास. "मला वाटलं, कळत नसंल. बरं आलंय आसं मला वाटत व्हतं, पर तुमी शिकल्याली माणसं. आपल्याला जमलं न्हाई म्हणलं. मंग मी त्याच्यामागारी तसलं काय काढलंच न्हाई. गुलाबच काढले." आणि तू शिडीवर चढलास.

तू रागावलाच नव्हतास. इतकी वर्षं मी ज्या रागाला घाबरत होतो तो नव्हताच कुठे. तू आपली चूक समजून गप्प बसला होतास. तिथे, त्या शिडीखाली, एक वाक्य बोलायचं होतं. तू वरून तार ओढत होतास, मी खालून "थोडा डावीकडे" असं सांगत होतो. संध्याकाळी सत्काराला उत्तर देताना मी शिक्षकाच्या जबाबदारीवर वीस मिनिटं बोललो. पुढच्या रविवारी पिंपरी पेंढारला जायचं ठरवलं. मग दिवाळीनंतर. मग परीक्षा झाल्या की. आणि मग सुरेखाचा फोन आला.

दहाव्यानंतर तुझ्या घरी ओसरीवर बसलो होतो. वहिनींनी विषय काढला, मी नाही. म्हणाल्या, "त्यांचा लई जीव व्हता त्या पुस्तकात. मामंजींचं हात काढलं व्हतं ना त्येच्यात." मी त्यांच्याकडे बघितलं, तशा त्या सांगू लागल्या. तुझा थोरला भाऊ मेंढरांमागे गेला असताना कुणाच्या तरी शेताच्या तारेला चिकटून गेला. रानडुकरांसाठी करंट सोडलेली तार. "तो मानूस भिऊन घरात दडल्याला. पोराला आत खळ्यात झाकून ठिवल्यालं. मामंजी एकलं गेलं त्याच्या दारात, हे गाडी घिऊन मागं हुबं. दुपार कलली तवा तो भाईर आला. मामंजी कायबी बोललं न्हाईत. खांद्यावरचं उपरणं काढलं, त्याचा हात धरला, वरून टाकलं. बोटांनी काय बोलले त्या दोघांनाच ठावं. तो मानूस ढसाढसा रडाया लागला. मामंजी उठलं आन् म्हणलं, पोराला गाडीत घ्या."

"पोलिसात नाही गेले?"

"त्यालाबी लेकरं हायेत, म्हणलं." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमाला तर सांगितलंच आसंल त्यांनी."

मी मान हलवली. हो म्हणून. तिथेही.

घरी येऊन मी कपाटातून मूळ पान काढलं. ओल्या कापसाने पट्टी भिजवली, नखाने कड उचलली, हळूहळू ओढली. पट्टी निघाली. तिच्याबरोबर शाई पण निघाली. डिंक इतकी वर्षं कागद खात बसला होता. उपरण्याच्या जागी आता पांढरं खरबरीत भोक आहे, आणि दोन्ही बाजूंनी मनगटं त्याच्यात जातात. तुझं चित्र आता कुठेच नाही. छापलेल्या प्रत्येक प्रतीत माझ्या आठ ओळी आहेत.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर देतो. मुलांना संदर्भ कळावा, हे खोटं. ग्रीकांकडे उपरणं नव्हतं, तेही निमित्त. त्या रविवारी तू पान माझ्या हातात दिलंस तेव्हा पत्र्यावर पाऊस वाजत होता आणि मला तो ऐकू येईनासा झाला. ज्या प्रसंगासाठी मी दोन पानं लिहिली होती, चार वेळा खोडून, तो सगळा तिथे होता आणि माझा एक शब्द त्यात नव्हता. तू चौकट ठेवली नव्हतीस कारण तिथे कुणी बोलायचंच नव्हतं. सातवी शिकलेल्या, टेम्पोवर गुलाब काढणाऱ्या माणसाने मला माझ्याच गोष्टीतून बाहेर बसवलं, आणि ते मला सोसलं नाही. म्हणून मी वरून बोललो. तुला वाटलं तुझं चुकलं, आणि मी वर्षभरापूर्वी शिडीखाली उभा राहून तुला तसंच वाटू दिलं.

सोपान, चित्र कळत होतं. पहिल्यांदा बघितलं तेव्हाच कळलं होतं.